ऋतुसंधी ओलांडणारे विमान
थायलंडच्या बेटांवर निघालेल्या रुग्णांसाठी वैद्याचे आणि औषधविक्रेत्याचे कर्तव्य

शाळांचे निकाल लागले की लालबाग-परळच्या चाळींतून वळकट्या आणि पत्र्याच्या ट्रंका खाली उतरत आणि घरेच्या घरे रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ल्याच्या वाटेला लागत. सुट्टी म्हणजे गाव आणि गाव म्हणजे समुद्र, असे हे समीकरण होते. १९९८ साली कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावू लागल्यावर हा प्रवास सुकर झाला. त्याच सुमारास मध्यमवर्गीय मराठी कुटुंबाला परदेश पाहण्याचीही उमेद आली होती. केसरी पाटील यांनी १९८४ मध्ये सुरू केलेल्या ‘केसरी टूर्स’सारख्या मराठी संस्थांनी आणि पुढे २०१३ मध्ये निघालेल्या ‘वीणा वर्ल्ड’ने ही वाट रुळवली. २०१८ च्या ऑक्टोबरात गोएअरचे विमान मुंबईहून थेट फुकेतला जाऊ लागले. ती कंपनी २०२३ मध्ये बंद पडली. परंतु इंडिगोने तो मार्ग हाती घेतला. थायलंडने १० नोव्हेंबर २०२३ पासून भारतीयांना व्हिसाची अट शिथिल केली आणि गिरगाव, दादर, लालबागच्या घरांतून फुकेत, क्राबी, सामुई ही नावे अलिबाग-मुरुडच्या सहजतेने ऐकू येऊ लागली.

सुट्टी कोठे घालवावी हा ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न आहे. त्यात वैद्याने बोलण्यासारखे काय, असे कोणी विचारील. तथापि, निदान करताना आणि पथ्य सांगताना देश, काल, सात्म्य यांचा विचार केल्यावाचून आपले पाऊल पुढे पडत नाही. रुग्ण आठवडाभर दुसऱ्या देशात, दुसऱ्या ऋतूत आणि संपूर्ण वेगळ्या दिनक्रमात राहून परत येतो, आणि आपल्या रुग्णपत्रिकेत त्याची एका ओळीचीही नोंद नसते. दादरच्या आमच्या चिकित्सालयात गेल्या काही वर्षांत मे महिन्याच्या अखेरीस आणि दिवाळीनंतर अतिसार, प्रतिश्याय, त्वचेचा दाह आणि अनियंत्रित मधुमेह घेऊन येणाऱ्यांत बेटावरून परतलेल्यांची संख्या डोळ्यांत भरू लागली. तेव्हापासून आम्ही हा विषय गंभीरपणे पाहू लागलो. त्या विचारातून जे हाती आले ते वैद्यबंधुभगिनींपुढे आणि औषधविक्रेत्यांपुढे ठेवीत आहोत.

देश : परका वाटणारा, परंतु ओळखीचा

जांगल, आनूप आणि साधारण हे देशाचे तीन प्रकार आपणांस विदित आहेत. आनूप देश कफप्रधान. पाणी विपुल, झाडी दाट, हवा दमट. मुंबई हे स्वतःच समुद्राने वेढलेले आनूप स्थान आहे. फुकेत, सामुई, फी फी ही बेटेही त्याच जातीची. मुंबई सुमारे १९ उत्तर अक्षांशावर, तर फुकेत सुमारे ८ अक्षांशावर. त्यामुळे तेथे हिवाळा असा जाणवत नाही आणि एप्रिलच्या पूर्वार्धात माध्यान्हीचा सूर्य थेट डोक्यावर असतो. तरीही नारळ, भात, मासळी, चिंच, हिरवी मिरची, गूळ ही तेथील पाकशाळेची सामग्री मालवणी माणसाला परकी नाही. त्यांच्या प्रसिद्ध आंबट-तिखट सुपात गवती चहा पडतो आणि कोळिंजनाच्या जातीचे कंदही पडतात. हेच कोळिंजन केरळातील वैद्य रास्ना म्हणून वापरतात, हे वाचकांस ठाऊक असेलच. असे सूप दीपन-पाचन गुणाचे असते हे निराळे सांगणे नलगे.

म्हणजे गिरगावच्या रुग्णाला केवळ देशबदलाने मोठा अपाय होण्याचे कारण नाही. वाळवंटातून किंवा हिमालयाच्या पायथ्यापासून येणाऱ्या प्रवाशापेक्षा आपला रुग्ण येथे सुस्थितीत असतो. अडचण येते ती काळामुळे आणि विहारामुळे.

काल : चौदा दिवसांचे काम पाच तासांत

वाग्भटाचार्यांनी एका ऋतूचे शेवटचे सात आणि पुढील ऋतूचे पहिले सात अशा चौदा दिवसांना ऋतुसंधी म्हटले आहे. या काळात मागील ऋतूची चर्या हळूहळू सोडावी आणि पुढील ऋतूची हळूहळू धरावी. एकाएकी केलेल्या बदलाने असात्म्यज रोग उद्भवतात, असा त्यांचा उपदेश आहे. मुंबई ते फुकेत हा थेट विमानप्रवास सुमारे पाच तासांचा. प्रवासी रात्री ग्रीष्मात विमानात बसतो आणि सकाळी वर्षा ऋतूत उतरतो. ऋतुसंधी त्याच्या वाट्याला येतच नाही.

हे केवळ रूपक म्हणून आम्ही लिहीत नाही. फुकेत, क्राबी, फी फी, लांता ही बेटे व किनारे अंदमान समुद्राच्या बाजूस आहेत. तेथे नैर्ऋत्य मोसमी पाऊस मे महिन्याच्या मध्यास सुरू होतो, म्हणजे मुंबईच्या सुमारे तीन-चार आठवडे आधी. तो ऑक्टोबरपर्यंत चालतो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात सर्वांत जोरात असतो. सामुई, पा-न्गान, ताओ ही बेटे थायलंडच्या आखातात, म्हणजे देशाच्या पूर्व बाजूस आहेत. तेथील मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर आणि त्यातही नोव्हेंबरात पडतो. एकाच देशातील दोन किनाऱ्यांवर एकाच महिन्यात दोन वेगळे ऋतू असतात, ही गोष्ट सहल ठरविणाऱ्या पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

आता मुंबईकर कुटुंबाच्या सुट्ट्या पाहा. त्या दोन : एक मे महिन्याची, दुसरी दिवाळीची. मेच्या उत्तरार्धात फुकेतला जाणारा पावसात सापडतो आणि दिवाळीनंतर सामुईला जाणाराही पावसातच सापडतो. कमी भाड्याच्या लोभाने नेमके हेच दिवस निवडले जातात. म्हणून रुग्णाने सल्ला विचारलाच तर आम्ही सांगतो : उन्हाळ्याच्या सुट्टीत जावयाचे असेल तर सामुईचा विचार करावा, नाताळ ते मार्च या काळात फुकेत-क्राबी उत्तम. दिवाळीत जावयाचेच झाल्यास अंदमानाची बाजू निवडावी व तीही नोव्हेंबर लागल्यावर.

यात केवळ सर्दी-पडशाचा प्रश्न नाही. ५ जुलै २०१८ रोजी फुकेतजवळ वादळी समुद्रात ‘फीनिक्स’ ही पर्यटक-नौका बुडून ४७ जण मृत्युमुखी पडले. तो काळ तेथील पावसाळ्याचा होता. सिमिलान बेटांचे सागरी उद्यान तर दरवर्षी मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पर्यटकांना बंदच ठेवतात. आपल्याकडील कोळी नारळी पौर्णिमेपूर्वी होडी समुद्रात घालीत नाहीत. तोच शहाणपणा तेथेही लागू आहे. किनाऱ्यावर लाल निशाण असेल तर पाण्यात पाऊल टाकू नये, हे रुग्णाला स्पष्ट शब्दांत सांगावे. किनाऱ्यावरून आत ओढणाऱ्या प्रवाहात सापडल्यास त्याच्या विरुद्ध न झगडता किनाऱ्याला समांतर पोहत बाहेर यावे, हेही सांगावे.

ऋतुसंधी विमानात मिळत नसेल तर ती आधी घरी घडवून आणावी, हा आमचा मुख्य मुद्दा आहे. मे महिन्यात निघणारा मुंबईकर अक्षय्यतृतीयेपासून आमरस-पुरी, पन्हे, श्रीखंड, थंड सरबते यांवर असतो. दुपारी झोपतोही, आणि ग्रीष्मात त्याला शास्त्राची अनुज्ञाही आहे. परंतु वर्षा ऋतूत अग्नी मंदावतो आणि दिवास्वाप निषिद्ध ठरतो. म्हणून प्रस्थानापूर्वी सात दिवस आमरस व गोड-थंड पदार्थ रोज थोडे थोडे कमी करावेत. जुन्या तांदळाचा भात, मुगाचे कढण, सुंठ घालून उकळलेले पाणी यांचा प्रवेश करावा. दुपारची झोप क्रमाने सोडावी. पादांशिक क्रमाचे हेच तर व्यवहारातील रूप आहे.

दिवाळीत निघणाऱ्यांचे निराळे. शरदात पित्त प्रकुपित असते, त्यावर फराळाचे तळण पडते आणि त्यावर बेटाचे ऊन व मद्य. अशांना फराळ बेताने खाण्यास आणि तिक्तरसाचा आश्रय करण्यास सांगावे. आणखी एक गोष्ट वैद्यांनी विसरू नये. शरदात विरेचन करणाऱ्या रुग्णाला ‘तिकीट कधीचे आहे?’ हा प्रश्न आधीच विचारावा. संसर्जन क्रम पुरा होण्यापूर्वी पेया-विलेपी सोडून हॉटेलातील मेजवानीच्या टेबलाशी बसलेला रुग्ण शोधनाचे फळ तर गमावतोच, वर नवा व्याधी घेऊन येतो आणि दोष पंचकर्माच्या माथी मारतो.

आहार आणि विहार : प्रज्ञापराधाची सुट्टी

सुट्टीवर गेलेल्या माणसाची अशी समजूत असते की नियम घरी ठेवून आलो. चरकाचार्यांनी धी, धृती, स्मृती यांच्या भ्रंशातून होणाऱ्या कर्माला प्रज्ञापराध म्हटले. सहलीच्या सात दिवसांत तिन्हींचा भ्रंश एकत्र पाहावयास मिळतो. सकाळी हॉटेलच्या भाड्यात समाविष्ट म्हणून भुकेपेक्षा दुप्पट नाश्ता, नंतर लगेच वेगवान होडीत प्रवास, भर दुपारी पाण्यात चार तास, संध्याकाळी मासळी, तिच्यावर आटवलेल्या दुधाचा थंडगार चहा किंवा आइस्क्रीम, आणि मध्यरात्रीपर्यंत जागरण. यांतील एकेक गोष्ट निरोगी तरुण पचवील; परंतु प्रमेही, हृद्रोगी वा वृद्ध माणसाने ती सगळी एकदम करणे धोक्याचे आहे.

मत्स्य आणि दूध यांचा विरोध आपल्या घरांत आजही पाळला जातो. थायी रश्शात असते ते नारळाचे दूध. ते आपल्या सोलकढीतले आणि माशाच्या कालवणातलेच, त्याला गोदुग्धाचा विरुद्धतेचा नियम लावण्याचे कारण नाही. जेवणानंतरच्या दुधाळ पेयाविषयी मात्र सावध करावे. दुसरा मुद्दा लवणाचा. पिप्पली, क्षार आणि लवण यांचे अतिसेवन करू नये हे चरकवचन रक्तदाबाच्या रुग्णाला येथे आठवून द्यावे. कारण तेथील बहुतेक पदार्थांत ‘नाम प्ला’ नावाचे माशांपासून केलेले अत्यंत खारट द्रावण असते.

शाकाहारी रुग्णांसाठी तर ही माहिती अधिकच आवश्यक. भाजी दिसते म्हणून ती शाकाहारी असेलच असे नाही. तिच्यात ते मत्स्यद्रावण किंवा कोळंबीचा ‘कापि’ नावाचा लगदा असू शकतो. पिवळ्या पताकेवर लाल अक्षरांत ‘जे’ अशी खूण असलेल्या भोजनगृहांत मात्र मांस, मासळी, अंडी, दूध आणि शिवाय कांदा-लसूणही वर्ज्य असतात. फुकेतमध्ये दरवर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास नऊ दिवसांचा शाकाहार-उत्सवच होतो. गिरगावातील जैन कुटुंबांना आणि व्रतस्थ मंडळींना ही एक खूण पुष्कळ साहाय्य करील. कंदमुळांची चौकशी मात्र त्यांनी स्वतंत्रपणे करावी.

होडीत मळमळणाऱ्यांनी पोट तुडुंब भरून बसू नये, अगदी उपाशीही बसू नये. आल्याचा तुकडा वा आलेपाक जवळ ठेवावा, होडीच्या मागील भागात बसून दृष्टी क्षितिजावर ठेवावी. मधुमेहींनी औषधाच्या वेळा ठरवताना तेथील घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे आहे हे ध्यानी धरावे. आणि स्वतःच्या मर्जीने ‘आठ दिवसांनी काय होते’ म्हणून रक्तदाबाची वा मधुमेहाची कोणतीही गोळी, मग ती आपली असो वा आधुनिक वैद्यकाची, बंद करू नये. आमच्या पाहण्यातील सर्वांत अधिक त्रास याच एका कारणाने झालेला आहे.

औषधांची पेटी : विक्रेत्यांनी विशेष लक्ष द्यावे

हा भाग औषधविक्रेत्यांनी कृपया दोनदा वाचावा. लालबागचे एक निवृत्त गृहस्थ मुलाने घडवलेल्या फुकेतच्या सहलीपूर्वी आमच्याकडे रक्तदाब दाखवण्यास आले होते. सहज पेटी पाहिली, तर तिच्यात कर्पूर रसाची कुपी होती. परदेशी पोट बिघडल्यास असू द्या, असे सांगून एका दुकानदाराने ती सद्भावनेनेच दिली होती. कर्पूर रसात हिंगूळ, मुस्ता, इंद्रयव, जातीफळ यांच्या बरोबरीने अहिफेन असते, हे त्या क्षणी त्यांच्या ध्यानात आले नसावे. अहिफेन, म्हणजे अफू, थायलंडच्या कायद्याने अंमली पदार्थ आहे आणि तेथील अंमली पदार्थांविषयीच्या शिक्षा अत्यंत कडक आहेत. आम्ही ती कुपी काढून ठेवली आणि कुटजघन वटी दिली. गृहस्थ सुखरूप जाऊन आले. परंतु पेटी पाहिली नसती तर सत्तरीच्या उंबरठ्यावरील त्या माणसाला परक्या विमानतळावर कोणत्या प्रश्नांना तोंड द्यावे लागले असते, या विचाराने आजही अंगावर काटा येतो.

दुर्दैव असे की प्रवासी ज्या दोन तक्रारींसाठी औषध मागतो, त्या अतिसार आणि अनिद्रा या दोहोंवरील आपल्या प्रसिद्ध योगांतच अहिफेन आणि भांग येतात. कर्पूर रस, निद्रोदय रस ही अहिफेनाची उदाहरणे. शार्ङ्गधरोक्त जातीफलादि चूर्णात भांग आहे. भारतात भांगेची पाने १९८५ च्या अंमली पदार्थ कायद्यातील गांजाच्या व्याख्येबाहेर आहेत आणि हे योग परवान्याने बनतात, म्हणून आपल्याला त्यांत विशेष काही वाटत नाही. परंतु हा भेद परदेशातील अधिकाऱ्याला समजावून सांगण्याची वेळ रुग्णावर का यावी? औषध व प्रसाधन नियमांच्या अनुसूची ई-१ मधील द्रव्ये असलेला कोणताही योग प्रवासी-पेटीत घालू नये, असा साधा नियम आम्ही करून घेतला आहे. अतिसारासाठी कुटजघन वटी व बिल्वाचे कल्प आणि निर्जलीकरण टाळण्यासाठी क्षारशर्करेची पाकिटे, अजीर्णासाठी हिंग्वष्टक, खोकल्यासाठी सितोपलादि, एवढे पुरते.

आता बांधणीविषयी. कागदाच्या पुडीतील खुले चूर्ण आपल्या दवाखान्याची परंपरा आहे. विमानतळावर मात्र नाव नसलेली भुकटी म्हणजे संशय. म्हणून प्रवासापुरते मोहोरबंद, छापील नावाचे व घटकद्रव्यांची यादी असलेले वेष्टन द्यावे. शक्य तेथे चूर्णाऐवजी वटी द्यावी. आसव-अरिष्टांत स्वयंनिर्मित मद्यांश असतो आणि आंतरराष्ट्रीय विमानात हातातील सामानात १०० मिलिलिटरपेक्षा मोठ्या बाटलीतील द्रव नेता येत नाही. तेव्हा ती टाळून घनवटी सुचवावी. तैल-घृताच्या बाटल्या न्यावयाच्याच असतील तर दुहेरी पिशवीत, मोठ्या सामानात. वैद्याने स्वतःच्या नावपत्रावर इंग्रजीत रुग्णाचे नाव, व्याधी, औषधाचे नाव व मात्रा लिहून सही-शिक्क्यासह द्यावी. हे लिहिण्यास पाच मिनिटे लागतात.

परतीच्या सामानाविषयीही दोन शब्द. थायलंडने ९ जून २०२२ रोजी गांजा अंमली पदार्थांच्या यादीतून वगळला आणि पर्यटनस्थळी त्याची दुकानेच दुकाने उघडली. जून २०२५ मध्ये त्यावर पुन्हा निर्बंध येऊन वैद्यकीय चिठ्ठी आवश्यक झाली. तेथील दुकानात उघड्यावर मिळालेली वस्तू मुंबईच्या विमानतळावर गंभीर गुन्हा ठरते. बँकॉकहून येणाऱ्या प्रवाशांकडून गांजा जप्त झाल्याच्या वार्ता अलीकडे वारंवार आल्या आहेत. तरुण रुग्णांना आणि त्यांच्या आईवडिलांना हे सांगण्यास संकोच करू नये; मिठाई वा तेलाच्या रूपातील गांजाही गांजाच असतो.

ऊन, वाळू आणि विषारी जलचर

नारळाचे तेल लावले म्हणजे उन्हापासून रक्षण होते, असा आपल्याकडे दृढ समज आहे. तेल त्वचा स्निग्ध ठेवते. त्या अक्षांशावरील दुपारच्या उन्हाला ते अडवू शकत नाही. अकरा ते तीन या वेळेत सावली, अंगभर सुती वस्त्र आणि टोपी हाच खरा उपाय. सनस्क्रीन विकणाऱ्यांनी एक नियम लक्षात ठेवावा : थायलंडने ऑगस्ट २०२१ पासून आपल्या सागरी राष्ट्रीय उद्यानांत ऑक्सिबेन्झोन, ऑक्टिनॉक्सेट, ४-मिथिलबेन्झिलिडीन कॅम्फर आणि ब्युटिलपॅराबेन ही द्रव्ये असलेली मलमे निषिद्ध केली आहेत, कारण ती प्रवाळांना घातक मानली जातात. तेव्हा झिंक ऑक्साइडयुक्त आणि या चार द्रव्यांविरहित मलम ग्राहकाला द्यावे.

समुद्रातील दंशांशी गिरगावकर अपरिचित नाहीत. २०१३ च्या गणेशविसर्जनात गिरगाव चौपाटीवर पाकट माशांनी अनेक भाविकांना जखमी केले होते. पाकटाचा काटा लागल्यास जखम सोसेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवल्याने वेदना उतरते. काट्याचा अंश आत राहतो म्हणून रुग्णालयात दाखवणे मात्र अनिवार्य. सामुई-पा-न्गानच्या पाण्यात पेटीच्या आकाराचा अत्यंत विषारी जेलीफिश आढळतो. त्याच्या स्पर्शाने थोड्याच वेळात हृदयक्रिया बंद पडू शकते. तेथील कित्येक किनाऱ्यांवर यासाठी खांबाला व्हिनेगरच्या बाटल्या लावलेल्या असतात. दंशावर लगेच व्हिनेगर ओतावे, चोळू नये, गोडे पाणी लावू नये आणि तत्क्षणी रुग्णालय गाठावे. येथे लेप, लिंबू वा हळद यांत क्षण दवडणे म्हणजे प्राणाशी खेळ होय.

तेथील वैद्यक : सावत्र नव्हे, सहोदर

सहलीहून परतलेला रुग्ण हमखास विचारतो, ‘तिकडचा मसाज चांगला की आपला अभ्यंग?’ उत्तर देण्यापूर्वी त्या परंपरेची ओळख असावी. थायलंडमधील मर्दनकार आजही कार्यारंभी ज्या आदिवैद्याला वंदन करतात तो ‘शिवागो कोमारपाज’ म्हणजे तक्षशिलेत शिकलेला, बिंबिसार राजाचा आणि भगवान बुद्धांचा वैद्य जीवक कौमारभृत्य. गुरूने परीक्षा घेतली तेव्हा औषध नव्हे अशी एकही वनस्पती ज्याला सापडली नाही, तोच हा जीवक. बहुतेक सहली बँकॉकवरून जातात. तेथील वाट पो मंदिरात एकोणिसाव्या शतकात तिसऱ्या राम राजाने वैद्यक व मर्दनविषयक ज्ञान शिलापट्टांवर कोरवून सर्वांसाठी खुले केले. त्या मंदिरातील १,४४० शिलालेखांचा संग्रह २०११ मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृती-नोंदवहीत आला. मंदिरातील वैद्यकशाळा १९५५ पासून चालते, आणि ‘नुआद थाई’ हे मर्दन २०१९ मध्ये युनेस्कोच्या मानवी वारशाच्या यादीत गेले.

त्यांची ‘लुक प्रकोप’ नावाची पोटली पाहिली की आपल्याला पत्रपोटली-स्वेद आठवतो. हळद, आंबेहळदीच्या कुळातील ‘प्लाय’ हा कंद, गवती चहा, चिंचेचा पाला, कापूर आणि मीठ फडक्यात बांधून वाफेवर तापवतात. आपण चिंच, निर्गुंडी, एरंडाचा पाला तेलात परततो. तेथील त्रिफळाही आपलीच. आपल्याकडे ज्याला ओले किराईत म्हणतात ती भूनिंबाची जात तेथील आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे. त्यांनी आपले वैद्यक देवळाच्या भिंतीवर आणि गल्लीतील बाकावर, सामान्यांना परवडेल अशा दरात जिवंत ठेवले. आपल्याकडे अभ्यंग नरकचतुर्दशीच्या पहाटेपुरता आणि पंचतारांकित हॉटेलापुरता उरत चालला आहे. परळच्या गिरणी कामगाराच्या घरात कधीकाळी तीळतेलाची वाटी रोजची होती. ती पुन्हा यावी असे वाटत असेल, तर बेटावरून आलेल्या रुग्णाचे कुतूहल ही आपल्याला मिळालेली संधी आहे.

पथ्याचा विचार येथेही आहेच. अजीर्णात आणि शोधनानंतर अभ्यंग निषिद्ध, हा नियम मर्दनालाही लागू करावा. तेथील मर्दनात दाब आणि ताण यांवर भर असतो. म्हणून अस्थिक्षय, मणक्याचा विकार, रक्त पातळ करणारी औषधे, गर्भावस्था, किंवा प्रवासानंतर एका पायास सूज व वेदना असेल तर ते घेऊ नये. मान पिळून आवाज काढून घेणे तर कोणीही टाळावे.

परतल्यानंतर

बेटावरून आलेल्या रुग्णाला ज्वर असेल तर पहिला प्रश्न प्रवासाचा आणि पहिली कृती रक्ततपासणीची. डेंग्यू तेथेही आहे, मुंबईतही आहे. दंशानंतर साधारणतः चार ते दहा दिवसांनी ज्वर येतो, म्हणजे नेमका घरी आल्यावर. पपईच्या पानांच्या रसावर किंवा गुळवेलीच्या काढ्यावर विसंबून तपासणी लांबवू नये. पोटदुखी, सतत ओकारी, रक्तस्राव वा ग्लानी दिसताच परळच्या मोठ्या रुग्णालयांकडे पाठविण्यास विलंब करू नये. ज्यांना काहीही झालेले नाही त्यांनाही तीन-चार दिवस लघु आहार, उष्णोदक आणि लवकर निद्रा एवढे सांगावे, कारण परतीच्या विमानानेही ऋतुसंधी तशीच ओलांडलेली असते.

आमची सूचना अगदी लहान आहे. प्रत्येक वैद्याने रुग्णपत्रिकेत ‘प्रवास’ हा एक रकाना वाढवावा. प्रत्येक औषधविक्रेत्याने ‘हे कोठे नेणार आहात?’ हा एक प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यावी. मे आणि दिवाळीपूर्वीच्या पंधरवड्यात दुकानाच्या दर्शनी भागी प्रवासात न नेण्याच्या औषधांची यादी लावावी. यासाठी नवी यंत्रे लागत नाहीत, खर्च येत नाही. रुग्ण कोठेही गेला तरी वैद्याचा सल्ला त्याच्या सोबत जावा, एवढीच अपेक्षा. ज्या सभासदांनी अशी यादी किंवा प्रवासपत्रिका तयार केली असेल त्यांनी ती अवश्य पाठवावी. सर्वांच्या अनुभवातून एक उपयुक्त मसुदा सिद्ध होईल, असा आम्हांस विश्वास वाटतो.